सायकलची फ्रेम: हे असंच का, अन् ते उलटंच का?

फावला_वेळ

नमस्कार मंडळी. माळ्यावर धूळ खात पडलेली स्टीलची जुनी सायकल रंगवायला काढली आहे. रंगवायची म्हणजे आधी सगळं सुटं करणं आलं. उजवं पेडल पाच मिनिटांत निघालं. डावं काही केल्या निघेना. पान्याला लोखंडी नळी जोडून अक्षरशः लटकलो. पाना सटकला, तीन बोटांची सालटी गेली, पेडल जागच्या जागी. शेवटी शेजारचे एक गृहस्थ आले, पाना हातात घेतला आणि उलटीकडे फिरवला. म्हणाले, "डावीकडे उलटे आटे असतात. तुम्ही इतका वेळ ते आवळत होतात."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मागच्या वरच्या दोन नळ्या काडीसारख्या बारीक, खालच्या दोन जाड, असं का? पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे वाकवलेला का? नळ्यांना कोपऱ्यात बारीक भोकं कशाला? आणि मुलाची ॲल्युमिनियमची सायकल इतकी जाडजूड दिसते तरी माझ्यापेक्षा हलकी कशी?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. बोटांना हळद लावून बसलोय.

गोगलगाय

वाचतेय. दांडी नसलेल्या सायकलींचंही कुणीतरी सांगा.

पंधराचा_पाना

आधी कामाचं. पेडल सोडवताना डावं-उजवं, सुलटं-उलटं काही पाठ करू नका. पाना पेडलच्या जागी वरच्या बाजूला उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना पेडल सुटतंच. बसवताना पुढच्या चाकाकडे. आणि बसवण्याआधी आट्यांना ग्रीस, नाहीतर पुढच्या वेळी परत शेजाऱ्यांना बोलवावं लागेल.

उलटे आटे कशासाठी, तर चालवता चालवता पेडल आपोआप सुटू नये म्हणून. दोन्हीकडे सुलटे आटे असते तर डावं पेडल हळूहळू गळून पडलं असतं.

शंकासुर

थांबा, हे मला पटत नाही. उजवीकडून बघा. क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल बसतं तो हात, घड्याळाच्या दिशेने फिरतो. पाय पेडलवर सपाट असतो, म्हणजे क्रँकच्या मानाने पेडल उलट फिरतं. पेडलमधले छर्रे थोडे जाम झाले तर ते पेडल आपल्या दांड्याला उलटच ओढणार, म्हणजे सोडवणार. मग उजवीकडे उलटे आणि डावीकडे सुलटे आटे हवे होते. आहे ते बरोब्बर विरुद्ध आहे!

तिरकस_रेघ

शंकासुर, निरीक्षण शंभर टक्के बरोबर, आणि म्हणूनच मजा आहे. छर्ऱ्यांचं घर्षण खरंच पेडल सोडवायच्या दिशेने ओढतं. पण ते घर्षण क्षुल्लक. त्याच्याहून कितीतरी जोरदार एक गोष्ट उलट दिशेने काम करत असते.

चिकटपट्टी संपल्यावर उरतं ते रिकामं कडं घ्या. त्यात मावेल असं बाटलीचं झाकण ठेवा, झाकण कड्यापेक्षा थोडंसंच लहान हवं. आता झाकण कड्याच्या आतल्या कडेला दाबून, घसरू न देता, कडेकडेने घड्याळाच्या दिशेने गडगडवत न्या. झाकणावर आधी पेनने एक रेघ मारून ठेवा. झाकण कडेने घड्याळाच्या दिशेने जातं, पण रेघ स्वतःभोवती उलट दिशेने वळते.

क्रँकमधलं भोक म्हणजे कडं, पेडलचा दांडा म्हणजे झाकण. आटे कितीही आवळले तरी केसभर फट राहतेच. चालवणाऱ्याचं वजन नेहमी खालीच पडतं, पण क्रँक फिरत असतो. उजव्या क्रँकवर बसलेल्या मुंगीला ते वजन घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसेल. दाब उलट फिरतो, म्हणून दांडा सुलट वळतो, आणि उजवीकडे सुलट म्हणजे आवळणं. डावीकडे आरशातली प्रतिमा, म्हणून तिथे उलटे आटे.

एका फेरीत हे वळणं नगण्य असतं. पण मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तासाभरात ४८०० होतात. आणि हा जोर हाताच्या जोरासारखा नाही, धातूवर धातू गडगडतो. त्यापुढे पान्याने आवळलेलं पेडलही टिकत नाही.

शंकासुर

झाकण फिरवून बघितलं. च्यायला, खरंच. पण मग एक सांगा. दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर बसतात, तो फ्रेमच्या तळाच्या आडव्या नळीत फिरतो. त्या नळीत दोन बाजूंनी कप आवळलेले असतात. तिथे नेमकं उलटं आहे: उजव्या कपाला उलटे आटे, डाव्याला सुलटे. शेजारी शेजारी दोन जोड, दोन्ही एकाच पायाने फिरतात, आणि आटे परस्परविरुद्ध?

तिरकस_रेघ

हो, कारण इथे झाकण कोण आणि कडं कोण ते बदललं. नळी म्हणजे कडं, कप म्हणजे झाकण. कपाच्या आत छर्रे एक्सलबरोबर घड्याळाच्या दिशेने धावतात आणि धावता धावता कपाला आतून दाबत जातात. दाब सुलट सरकतो, म्हणजे कप उलट वळणार. तो सुटू नये म्हणून उजवीकडे उलटे आटे. तत्त्व एकच, फक्त पेडलमध्ये जे फिरत होतं ते इथे स्थिर आहे.

पंधराचा_पाना

यात भर. सगळ्या सायकलींत असं नाही. इंग्रजी मापाच्या फ्रेममध्ये व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे, आणि उजवीकडे उलटे. इटालियन मापात दोन्हीकडे सुलटेच. त्यामुळे त्यांचा उजवा कप जीव खाऊन आवळावा लागतो, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत कुरकुर सुरू. आणि त्यांचं माप तरी कसलं, व्यास ३६ मिलिमीटर आणि आटे इंचाला २४. अर्धं मेट्रिक, अर्धं इंचात. यामागे काही शास्त्र शोधत बसू नका, पडलेला पायंडा आहे.

माझ्या मते या धाग्यावर दर वेळी आधी हाच प्रश्न विचारावा: गोष्ट जोरामुळे तशी आहे की सवयीमुळे? लोक सवयीच्या गोष्टींनाही शास्त्र चिकटवतात.

पेन्शनर

सवयीचं उदाहरण म्हणजे साखळी उजवीकडे असणं. डावीकडे असती तरी सायकल चालली असती. पण आता बदलता येत नाही. जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील, म्हणजे मागची दातेरी चकती, हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, सुलट्या आट्यांनी बसतं आणि साखळीच्या ओढीने आपोआप आवळत जातं. साखळी डावीकडे नेली की तेच ओढीने सुटणार, म्हणजे फ्रीव्हील, हब, फ्रेम सगळं नव्याने करावं लागेल. वर्षानुवर्षं चालवलेलं फ्रीव्हील काढताना हब शिकंजात धरून दोन माणसं लावावी लागतात, ते यामुळेच.

फावला_वेळ

हे सगळं भन्नाट आहे. आता फ्रेमकडे येऊ. ते बारीक-जाड नळ्यांचं काय?

तिरकस_रेघ

हे माझ्या पोटापाण्याच्या जवळचं आहे, तेव्हा जरा पाल्हाळ लागेल.

तीन काड्या टोकांना खिळ्यांनी जोडा. खिळे ढिले असले तरी त्रिकोण मोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. त्रिकोणात जोर नळीच्या लांबीच्या दिशेने जातो, नळी एकतर दाबली जाते किंवा ताणली जाते. या दोन्ही कामांत बारीक नळीही खूप सोसते. वाकवणं हा नळीचा खरा शत्रू.

मागच्या बाजूला तुमच्या सायकलीत खरे त्रिकोण आहेत, डावा एक, उजवा एक. मागच्या चाकाच्या एक्सलपासून सीटखाली जाणाऱ्या दोन नळ्या मुख्यतः दाब सोसतात, म्हणून त्या काडीसारख्या बारीक चालतात. खालच्या दोन नळ्यांना मात्र साखळीची ओढ सोसावी लागते. हिशेब करू. ७० किलोचा माणूस उभा राहून १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पूर्ण वजन टाकतो. पुढची चकती ४८ दात्यांची, साखळीची कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चकतीची त्रिज्या साधारण ९७ मिलिमीटर. ७० गुणिले १७० भागिले ९७ म्हणजे जवळपास १२३. साखळीत १२३ किलोची ओढ, आणि तीही फक्त उजव्या बाजूला! ३२ दात्यांची चकती असेल तर हीच ओढ १८४ किलोवर जाते. ही एकतर्फी ओढ मागचं चाक पुढे खेचते आणि क्रँकचा भाग आडवा पिळते. म्हणून खालच्या नळ्या जाड. आणि त्यातही टायर आणि चकती यांना जागा हवी म्हणून त्या क्रँकजवळ चेपलेल्या असतात. तो चेप कुणी आपटल्याने पडलेला नाही, कारखान्यातच घातलेला असतो.

पुढचा भाग आपण त्रिकोण म्हणतो खरा, पण हँडलखालच्या उभ्या नळीमुळे तो चौकोन आहे. लहान फ्रेममध्ये ती नळी इतकी छोटी असते की काम भागतं, पण वाकणं आणि पिळणं आलंच. म्हणून पुढची तिरपी नळी सगळ्यांत जाड असते.

शंकासुर

म्हणजे पहिल्यापासून असंच बनवत होते?

तिरकस_रेघ

छे. आधी ती उंच चाकाची सायकल होती. पेडल थेट पुढच्या चाकाला, म्हणजे एका फेरीत जास्त अंतर हवं तर चाकच मोठं करायचं, पाय पुरतील तेवढं. साखळी आली आणि चाकाच्या आकाराची ही सक्ती गेली. १८८५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल काढली, दोन्ही चाकं जवळपास सारखी, साखळी मागच्या चाकाला. पण सुरुवातीच्या रोव्हरमध्ये सीटपासून क्रँकपर्यंतची उभी नळी नव्हती. ती पुढच्या काही वर्षांत आली आणि हिऱ्याचा आकार पुरा झाला. १८८८ मध्ये डनलॉप यांचं हवेचं टायर आलं आणि लहान चाकांची हाडं खिळखिळी करणारी खडखडही गेली. तेव्हापासून आकार मूळचा तोच आहे.

गोगलगाय

आणि माझी दांडी?

तिरकस_रेघ

हो हो, विसरले नाही. दांडी काढली की पुढचा बंद आकार उघडा पडतो. पायडल मारताना फ्रेम पिळली जाते ती सगळी खालच्या एका नळीवर येते. भरपाई म्हणून ती नळी जाड करतात किंवा तिला समांतर दुसरी नळी लावतात. म्हणून तेवढ्याच ताठ फ्रेमला वजन जास्त लागतं. एक जुना तोडगा फार देखणा आहे: दांडीऐवजी दोन बारीक नळ्या हँडलपासून तिरक्या खाली येतात आणि सीटच्या नळीच्या दोन्ही अंगांनी थेट मागच्या एक्सलपर्यंत जातात. चढायला सोपं आणि लोळतही नाही.

पंधराचा_पाना

भोकांचं मी सांगतो. नळीत नळी बसवून पितळेचं झाळकाम करताना आतली हवा तापून फुगते. तिला वाट दिली नाही तर ती वितळलेल्या पितळेतूनच वाट काढते आणि जोडात बुडबुडे राहतात. ती बारीक भोकं म्हणजे त्या हवेची खिडकी. आणखी एक भोक सगळ्यांत खाली, क्रँकच्या नळीच्या पोटाला असतं. ते पाणी निथळायला. सीटच्या नळीतून पावसाचं पाणी आत जातंच. रंगवताना ही भोकं बुजवू नका आणि आधी आतून तेलाचा फवारा मारून घ्या. फ्रेम बाहेरून गंजून मरत नाही, आतून मरते.

फावला_वेळ

थांबा, थांबा. तुम्ही लिहिलंत म्हणून फ्रेम उलटी करून पाहिली. खालचं भोक जुन्या रंगाने बुजलेलं. खिळ्याने टोकरलं तर चमचाभर तांबडं पाणी आणि चिमूटभर गंजाची भुकटी बाहेर आली.

दुसरी गंमत. मोकळ्या नळीवर नखाने टिचक्या मारत गेलो. मधे 'टण्ण', टोकांकडे 'टक'. आवाज बदलतो! नळी भरीव आहे की काय टोकांना?

पंधराचा_पाना

भरीव नाही, जाड आहे. बाहेरून व्यास सारखाच, पण आतून भिंत टोकांना साधारण ०.९ मिलिमीटर आणि मधे ०.६. वाकवणारा जोर जोडापाशी सगळ्यांत जास्त असतो, आणि तापवल्यामुळे पोलाद कच्चं पडतं तेही तिथेच. मधे तेवढ्या जाडीची गरजच नाही. हे पेटंट १८९७ चं, बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांचं. मूळ धंदा खिळ्यांचा! पुढे १९३५ मध्ये त्यांनी ५३१ नावाचं पोलाद आणलं. तुमच्या फ्रेमवर कुठे जुना स्टिकर असेल तर रंग खरवडण्याआधी फोटो काढून ठेवा.

फावला_वेळ

स्टिकर कधीच गळून गेलाय. आणि ॲल्युमिनियम?

तिरकस_रेघ

ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच, एक तृतीयांश. म्हणजे त्याच मापाची नळी घेतली तर हलकी होईल पण लोळेल. यातून वाट भूमितीने काढली. नळीचं वजन व्यास गुणिले जाडी या हिशेबाने वाढतं, पण वाकण्याविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या घनाने. व्यास दुप्पट करा आणि भिंत निम्मी, वजन तेवढंच राहतं, ताठपणा चौपट. स्टीलच्या जुन्या सायकलीची तिरपी नळी २८.६ मिलिमीटरची असते. मुलाच्या सायकलीची मोजा.

मग पोलादाचंच तसं का करत नाहीत? कारण भिंत फारच पातळ झाली की शीतपेयाच्या डब्यासारखी अंगठ्याने चेपते.

आणखी एक फरक. पोलादावर येणारे हेलकावे एका मर्यादेखाली ठेवले तर ते थकून तडकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, बारीकसारीक हेलकाव्यांचाही हिशेब साठत जातो. म्हणून त्याचे जोड मुद्दाम भारदस्त ठेवतात.

पेन्शनर

चिमट्याबद्दल मी सांगतो. तो पुढे वाकवलेला असतो धक्के सोसायला. कमानीसारखा लवतो.

तिरकस_रेघ

काका, इथे माझा मतभेद. तसं असतं तर सरळ पायांचे चिमटे निघालेच नसते. आणि नीट पाहिलंत तर त्या सरळ चिमट्यांचे पायही वरून किंचित पुढे कललेले असतात. वाकवा किंवा कलवा, चाकाचा एक्सल हँडलच्या अक्षाच्या पुढे आणायचा, हे खरं काम.

फावला_वेळ, तुमच्याकडे फ्रेम सुटीच आहे. मोजून टाका.

फावला_वेळ

मोजलं. बायकोने विचारलं, हे काय चाललंय. पुढचं चाक आणि चिमटा परत बसवला, सायकल भिंतीला सरळ टेकवली. हँडलच्या नळीला समांतर दोरी ताणून जमिनीपर्यंत नेली आणि तिथे खडूने खूण केली. मग एक्सलपासून ओळंबा सोडला आणि तिथे दुसरी खूण. मला वाटलं होतं एक्सलची खूण पुढे येईल. आली मागे! दोन खुणांत सहा सेंटीमीटरला जरा कमी अंतर.

फोनवरच्या पातळीने नळीचा कोन ७२ अंश. चाकाची त्रिज्या ३४०. चिमट्याचा पुढचा कल ५० मिलिमीटर.

तिरकस_रेघ

सुंदर! आता कागदावर. ३४० गुणिले कोसाइन ७२ म्हणजे १०५. त्यातून ५० वजा, ५५. भागिले साइन ७२, म्हणजे ५८ मिलिमीटर. तुमचा खडू बरोबर आहे.

म्हणजे चाक जमिनीला टेकतं ती जागा हँडलच्या अक्षाच्या ५८ मिलिमीटर मागे आहे. ट्रॉलीच्या चाकासारखं ते अक्षामागे ओढत येतं आणि स्वतःच सरळ होतं. चिमटा वाकवलेला नसता तर हेच अंतर ११० झालं असतं आणि हँडल जड, आळशी झालं असतं. वाकवल्यामुळे ते वाढत नाही, कमी होतं. बहुतेकांचा इथेच घोळ होतो.

काकांचं अर्धं खरं आहे. बारीक निमुळत्या पोलादी पायांत थोडी लवचीकता असतेच. पण ती वरकमाई.

पेन्शनर

अर्धं तर अर्धं. मान्य.

गोगलगाय

अरे देवा. भाच्याची सायकल खोक्यातून आली होती, घरीच जोडली. ब्रेक चिमट्याच्या मागे आलाय आणि वळताना त्याचा बूट चाकाला घासतो. चिमटा उलटा बसलाय का?

पंधराचा_पाना

शंभर टक्के. आजच्या आज फिरवा. चाक दहा सेंटीमीटर मागे सरकलंय म्हणून बूट लागतो. फावला_वेळ यांच्या सायकलीत असं केलं तर ते ५८ चं १६३ होईल. लहान मुलाला ते हँडल वळवणं म्हणजे कसरत.

शंकासुर

आणि चाक फिरतं म्हणून सायकल उभी राहते, भोवऱ्यासारखी, असं शाळेत शिकवलं होतं त्याचं काय?

तिरकस_रेघ

१९७० मध्ये डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक लावून भोवऱ्याचा परिणाम मारून टाकला, तरी सायकल चालवता आली. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी तर अशी सायकल केली जिच्यात भोवऱ्याचा परिणामही नाही आणि अक्षामागे ओढत येणारं चाकही नाही. ढकलून दिली तरी ती आपली आपण तोल सावरत गेली. वजन पुढे-मागे कुठे आहे यालाही तितकंच महत्त्व निघालं. म्हणजे तुमचे ५८ मिलिमीटर महत्त्वाचे आहेत, पण एकटे नाहीत.

गोगलगाय

चिमटा फिरवला! भाचा म्हणतो, ही दुसरीच सायकल आहे. :)

जाता जाता अजून एक. माझ्या सायकलीचा मागचा गिअर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो, सायकल नुसती उभ्या-उभ्या उजवीकडे पडली तर तुटला. इतकं कच्चं काम?

पंधराचा_पाना

कच्चं मुद्दाम ठेवलंय. तो तुकडा तुटला नसता तर धक्का फ्रेमला गेला असता. पोलादी फ्रेममध्ये तो फ्रेमचाच भाग असे, वाकला तर परत सरळ करायचा. ॲल्युमिनियम सरळ करायला गेलं की तडकतं, म्हणून वेगळा, स्क्रूने बसणारा. एक जास्तीचा पिशवीत ठेवा. पण आकार नाना तऱ्हेचे असतात, जुना तुकडा शेजारी धरूनच नवा घ्या.

फावला_वेळ

धागा वर काढतोय. उजवा कप निघाला. या वेळी आधी खडूने बाण काढला, झाकण-कड्याचा प्रयोग परत केला आणि मगच पाना लावला. एका झटक्यात सुटला, बोटं शाबूत.

आता फक्त सीटची नळी उरलीये. ॲल्युमिनियमची नळी पोलादी फ्रेममध्ये इतकी वर्षं, एकजीव झालीये. तेल सोडून दोन दिवस झाले, हलत नाही. इथे तर आटेही नाहीत, मग उलटं फिरवू तरी काय?

पंधराचा_पाना

सीट लावूनच फिरवा, तीच तुमची तरफ. वर ओढू नका, आधी नुसतं डावीकडे-उजवीकडे. आणि शेजाऱ्यांना आधीच बोलावून ठेवा.